लाल ठिपक्याचा प्रोसेसर

पहाटे पावणेसहाला किकवीच्या वरच्या आळीत दुधाची गाडी दोनदा हॉर्न वाजवून पुढे गेली आणि शिवानीने दाराची कडी काढली. दिवाळीची सुट्टी असली तरी तिची सकाळ ठरलेली होती. आधी अंगण झाडायचं, नळाला पाणी असेपर्यंत दोन पिंपं भरायची, म्हशीपुढे पेंढा टाकायचा आणि चूल पेटली की आबांना चहा नेऊन द्यायचा. खाली हायवेवर साताऱ्याकडे जाणारे ट्रक घरघरत होते. आबा, म्हणजे तिचे आजोबा चिमाजी, ओट्यावर बसून विळ्याची धार अंगठ्याने तपासत होते.

"आज कुणाकडं हाय गं सावड?" त्यांनी बशीत चहा ओतत विचारलं.

"आज सुट्टी, आबा. उद्या साळूकाकूंकडं झोडणी."

"मंग आज त्या डब्याला झोडा!" आबा मिश्कीलपणे म्हणाले. "काल लई अडखळत व्हता त्यो."

शिवानीला हसू आलं नाही. आबांना जे गमतीचं वाटत होतं, तेच तिला गेले चार दिवस सलत होतं.

आतल्या खोलीत, फुलाफुलांच्या फडक्याखाली, त्यांचा कॉम्प्युटर होता. त्यांचा, म्हणजे तिघांचा: शिवानीचा, शेजारच्या स्वरूपचा आणि हायवेलगत गॅरेज असलेल्या जहांगीरचाचांच्या मुलाचा, एहसानचा. दोन उन्हाळे सर्व्हिस रोडवर उभं राहून त्यांनी करवंदं आणि जांभळं विकली होती. शिवानीच्या शिष्यवृत्तीची भर पडली, तेव्हा कुठे गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर जुळवण्याइतकी रक्कम झाली.

तो जुळवून दिला इंद्रजितदादाने. साळूकाकूंचा इंद्रजित नात्याने शिवानीचा चुलत भाऊ, आणि भोरमध्ये कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. सुटे भाग तिथूनच घेतले होते. "पैसे नकोत मला," तो म्हणाला होता. "सावड करू. मी तुमचा कॉम्प्युटर जुळवतो, तुमी माझ्या वाटणीची भातकापणी करा."

सावड म्हणजे भाताच्या दिवसांतली परतफेडीची मदत. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. शिवाय सावडीचा एक नियम होता, जो कुणी लिहिला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. सावडीला आलेल्या माणसाच्या मागे जाऊन त्याचं काम तपासायचं नाही. तो त्याचा अपमान. म्हणूनच तिघांनी चार दिवस कंबर मोडेपर्यंत भात कापलं, आणि दादाने कॉम्प्युटर घरी आणला तेव्हा आत काय बसवलं आहे, हे कुणी उघडून पाहिलं नाही.

साडेआठला स्वरूप आणि एहसान आले. फुटबॉलचा गेम सुरू झाला. स्वरूपचा खेळाडू चेंडू घेऊन धावला आणि गोलपाशी पोचताच एक पाय हवेत ठेवून थिजला!

"अरे पळ की!" स्वरूप ओरडला. "बघ, बघ! आमची म्हैस पण याच्यापेक्षा जोरात पळती!"

"म्हशीला गोल मारता येतो का?" एहसान म्हणाला.

"येतो. गोलकीपर घाबरून पळून जाईल!" स्वरूपने कीबोर्ड सरकवला. मग त्याच्या तोंडून ते रोजचं वाक्य निघालंच. "मी म्हणत होतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणून. पण न्हाई! शिवानी म्हणंल तोच प्रोसेसर!"

शिवानीने गेम बंद केला.

निवड खरोखरच शिवानीची होती. दोन महिने तिने वहीत तक्ते आखले होते. बजेट इतकं तोकडं की आता कार्ड घेतलं तर प्रोसेसर लंगडा घ्यावा लागला असता, आणि लंगडा प्रोसेसर पुढे चांगल्या कार्डालाही ओढून मागे धरतो. त्यापेक्षा सहा कोअरचा, ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर आज घ्यायचा आणि कार्ड पुढच्या वर्षी लावायचं, हे तिने दोघांना पटवून दिलं होतं. ही सगळी विद्या तिला दादानेच दिली होती. "कोअर म्हणजे शेतात लावलेली माणसं," तो सांगायचा. "चार माणसं कापतात त्याच्यापेक्षा सहा माणसं लवकर कापतात. पण माणसं मोजून घ्यायची!" वहीतला शेवटचा तक्ता पाहून त्याने तिच्या पाठीवर थाप मारली होती. "शाब्बास शिवे! तू तर माझी दुकानातली जागा घेशील!" ती थाप तिने मनात जपून ठेवली होती.

"माझी निवड चुकलेली नाही," ती आता म्हणाली. आवाज तिला हवा होता तितका घट्ट निघाला नाही.

"मग दुसरं कायतरी चुकलंय," एहसान शांतपणे म्हणाला. "सेटिंगमध्ये प्रोसेसरचं नाव काय दाखवतंय?"

शिवानीने उघडलं. नाव अगदी खोक्यावर छापलेलंच होतं.

"बरोबरच आहे की," स्वरूप म्हणाला.

"नाव कुणीही लिहितं रे! आमच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी आली की अब्बा तिच्या मागची पाटी बघतच न्हाईत. बॉनेट उघडून इंजिनावर ठोकलेला नंबर बघतात."

शिवानीच्या कानात दादाचाच आवाज घुमला: माणसं मोजून घ्यायची! तिने तीन कळा एकदम दाबल्या आणि कॉम्प्युटरमध्ये कोण किती काम करतं ते दाखवणारा तक्ता उघडला. उजवीकडे, बारीक अक्षरांत, एक ओळ होती.

कोअर: ४.

"चार?" स्वरूप खुर्चीवरून उठला. "आपण तर सहा घेतले होते! दोन कोअर काय एसटीत विसरले?"

"दुकानदारानं फसवलं असणार," शिवानी घाईने म्हणाली. "दादाच्या लक्षात आलं नसेल. त्याला कळलं तर तो दुकानात जाऊन भांडेल!"

"मग उघडून बघू," एहसान म्हणाला.

ती थबकली. सावडीचं काम उघडून पाहायचं? दाराशी कधीपासून आबा उभे होते. त्यांनी फक्त एकदा नातीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शिवानीने वायर काढली.

"जरा थांब," एहसान म्हणाला. "इतका वेळ चालू होता ते बरंय. तापलंय तवरच काढायचं. गार झालं की पंख्याखालचं ग्रीस धरून बसतं. आणि सरळ वर ओढायचं न्हाई, नाहीतर पंख्याला चिकटून प्रोसेसरच उपटून येईल आणि खालच्या पिना वाकतील!"

झाकण निघालं, पंख्याचे चार स्क्रू सुटले. शिवानीने पंखा दोन्ही हातांनी धरून हळूहळू डावीकडे फिरवला, मग उजवीकडे. स्वरूपने टॉर्च धरला होता आणि श्वासही. चर्रर्र असा बारीक आवाज झाला. पंखा सुटला, प्रोसेसर जागच्या जागी राहिला. त्यावर करड्या लेपाचा थर होता. तिने जुन्या सुती रुमालाने तो पुसायला घेतला. अक्षरं वर येऊ लागली, आणि ती खोक्यावरची अक्षरं नव्हती.

"दुसराच हाय!" स्वरूप किंचाळला. "चोर सापडला! चला भोरला, त्या दुकानात!"

शिवानी हलली नाही. रुमाल प्रोसेसरच्या कोपऱ्यापाशी थांबला होता. तिथे, सोनेरी त्रिकोणाशेजारी, लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता.

"भोरला जायची गरज नाही," ती म्हणाली.

मागच्या मे महिन्यात दादाने स्वतःचा जुना कॉम्प्युटर तिच्यासमोर उघडला होता. प्रोसेसर उलटासुलटा बसू नये म्हणून कोपरा ओळखायचा कसा, हे तिला काही केल्या कळेना. तेव्हा त्याने तिचीच नेलपॉलिशची बाटली मागून घेतली, तिच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाला, "लाव इथं. आता जन्मात विसरायची न्हाईस." हा ठिपका तिने स्वतःच्या हाताने लावला होता. तो किंचित लांबट झाला होता, कारण तेव्हा ब्रश जरा सरकला होता.

दुकानदार नव्हता. दादा होता.

"कदाचित चुकून..." एहसान हळूच म्हणाला.

"चुकून प्रोसेसर बदलेल. चुकून नाव बदलत नाही." सेटिंगमधलं ते खोटं नाव तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. म्हणजे ती तपासून बघणार, हे त्याला माहीत होतं. कुठे बघणार, हेही माहीत होतं. त्यानेच तर शिकवलं होतं.

स्वरूपने खाली मान घातली. "मी मगाशी बोललो ते... तुझी निवड..."

"असू दे." शिवानीने प्रोसेसर अलगद काढून रुमालात गुंडाळला. "चल, त्याच्याकडे जाऊ. पण तिथं कुणी ओरडायचं नाही."

गुरुवार होता, दुकानाची सुट्टी. इंद्रजित घरीच भेटला. साळूकाकू अंगणात उद्याच्या झोडणीसाठी खळं सारवत होत्या. "आली का माझी सावडकरी मंडळी!" त्या शेणाने भरलेले हात वर करून म्हणाल्या. "उद्या येताय न्हवं? तुमी न्हाई तर माझं भात कोण झोडणार?"

"दादा," स्वरूपने निरागस चेहरा केला, "आमच्या कॉम्प्युटरवर फुटबॉल अडकतोय. तुझ्या जुन्या डब्यावर तरी चालतो का रे? की त्याला पेन्शन लागली?"

"माझा डबा?" इंद्रजित हसला. "अरे, बघ तर खरं!"

त्याने गेम लावला. खेळाडू वाऱ्यासारखे धावू लागले. गवताचं पातं न् पातं हलत होतं. "शेवटी जुळवणाऱ्याचा हात लागतो, पोरांनो!" तो म्हणाला.

शिवानीने त्याच्या खांद्यावरून हात पुढे नेला आणि त्याच तीन कळा दाबल्या. पडद्यावर ओळ आली.

कोअर: ६.

मग तिने रुमालात गुंडाळलेला प्रोसेसर उलगडून कीबोर्डशेजारी ठेवला, लाल ठिपका वर येईल असा.

पडद्यावर मैदान तसंच थांबून राहिलं. इंद्रजितचं हसू ओठांवरच विरलं. बाहेर काकूंचा सारवतानाचा हात सप्‌सप् ऐकू येत होता.

"शिवे, मी... पुढच्या महिन्यात परत बदलणारच होतो," तो अखेर म्हणाला. "ऑनलाइन स्पर्धा होती माझी, तेवढ्यापुरतं. मला वाटलं, तुमी लहान. तुमच्या खेळाला चार कोअर रग्गड झाले असते. कळलंही नसतं."

"कळलं नसतं म्हणून बदललास?" एहसान म्हणाला.

इंद्रजितने पडदा बंद केला.

"दादा," शिवानी म्हणाली, "चार दिवस यांनी माझी निवड चुकली म्हणून मला बोल लावले. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. रात्री वही उघडून मी माझी चूक शोधत होते. परवा तू घरी आलास. मी तुला विचारलं, माझं काय चुकलं? तू म्हणालास, असं होतं कधी कधी."

इंद्रजितने खाली पाहिलं. "आईला सांगू नका," तो पुटपुटला. "मी आत्ता येतो, माझ्या हातानं बसवून देतो."

"आमचा काढून दे. बसवायचं आमचं आम्ही बघू. काकूंना काय सांगायचं ते तू सांग."

त्याने काढून दिला. त्याचे हात या कामात किती सफाईदार होते, हे त्या क्षणीही तिला दिसलं, आणि ते पाहून ती अधिकच दुखावली.

वाटेत स्वरूपचा राग उफाळून आला. "उद्या झोडणीला जायचंच न्हाई! त्यानं सावड मोडली, आपण पण मोडायची! बघू दे एकट्याला झोडत!"

"झोडणी त्याची आहे का?" शिवानीने विचारलं.

स्वरूप चालता चालता थांबला. त्याला शेणाने भरलेले, वर उचललेले ते दोन हात आठवले असावेत. त्याने वाटेतला दगड लाथाडला आणि पुढे निघाला.

एहसानने सर्व्हिस रोडवरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून लेपाची छोटी नळी आणली. आबांनी पाट ओढून जवळच बैठक मारली. शिवानीने प्रोसेसर कडांना धरला, सोनेरी त्रिकोणाला त्रिकोण जुळवला आणि फक्त ठेवून दिला. जोर लावावा लागला नाही. तो आपल्या वजनाने अलगद बसला. तिने प्रोसेसर पकडणारी दांडी खाली केली, लेपाचा हरभऱ्याएवढा थेंब टाकला आणि पंख्याचे स्क्रू तिरक्या क्रमाने आवळले.

"लाव बटन," आबा म्हणाले.

पडदा उजळला. कोअर: ६. स्वरूपचा खेळाडू धावला, धावतच राहिला आणि गोल! स्वरूपने एहसानला मिठी मारली. "शिवानी म्हणंल तोच प्रोसेसर!" तो ओरडला, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सावडीचं काम बघायचं न्हाई, हे म्याच तुला शिकवलं," ते सावकाश म्हणाले. "आमी शेतात करायचो, तवा काम समद्यांच्या डोळ्यांम्होरं पडलेलं असायचं. झाकणाच्या आतलं काम आमाला ठावंच नव्हतं. तू उघडून बघितलंस ते बरं केलंस, पोरी. आन् आरडाओरडा न करता निस्तरलंस, ते त्याहून बरं."

दोघे मित्र घरी गेल्यावर शिवानी पुन्हा पडद्यासमोर बसली. सेटिंगमध्ये खात्यांची दोन नावं होती. एक तिघांचं. दुसरं, सगळे अधिकार असलेलं: इंद्रादादा. कॉम्प्युटर सुरू झाला की खोटं नाव लिहिणारी करामत त्यातच दडलेली होती. हे खातं त्याने बनवलं तेव्हा ती म्हणाली होती, "राहू दे दादा, तू कधीही येऊन उघडत जा."

तिने सगळे अधिकार तिघांच्या नावाला दिले. मग दुसऱ्या नावावर बाण नेला. कॉम्प्युटरने खात्री विचारली. ती जरा वेळ बसून राहिली, आणि मग तिने 'होय' दाबलं. यादीत एकच नाव उरलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला दुधाची गाडी दोनदा हॉर्न वाजवून गेली. शिवानीने अंगण झाडलं, पिंपं भरली, आबांना चहा दिला. लाल ठिपक्याचा प्रोसेसर तिने कापसात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि खोकं पिशवीत घातलं.

साळूकाकूंच्या खळ्यावर इंद्रजित आधीच येऊन उभा होता. त्याचे डोळे सुजलेले होते. काकू त्याच्याशी बोलत नव्हत्या. शिवानीने पिशवी त्याच्या पायाशी ठेवली. दर वर्षी ती झोडायला त्याच्या शेजारी उभी राहायची. आज ती खळ्याला वळसा घालून पलीकडे गेली, काकूंच्या बाजूला उभी राहिली आणि तिने भाताची पहिली पेंढी उचलली.