दारातला पहारा

पंचेचाळीस-सेहेचाळीस सालची गोष्ट. खोटी वाटेल, पण खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. तिनं ती मला एकदाच सांगितली, भर दुपारी, दाराकडे पाठ न करता. आता मीही ऐंशीच्या घरात आहे. लिहून ठेवलेलं बरं.

मावशी तेव्हा ऐन पंचविशीत होती. एका लॉन्ड्रीत इस्त्री करायची. लॉन्ड्रीच्या वरच तिच्या दोन खोल्या. दिवसभर खालून वाफ आणि खळीचा वास वर यायचा. खिडकीला गज. लाकडी जिना आणि जिन्याशी उघडणारं एकच दार. समोरच्या खोलीत एक नर्सबाई राहायच्या, जिभेनं तिखट, मनानं मऊ.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, सैन्यात शिपाई. नुकतंच लग्न झालं होतं, हळूहळू ओळख होत होती, तोच त्यांना बोटीनं परदेशी जायचा हुकूम आला.

निघताना मावशी म्हणाली, "मला एकटीला भीती वाटते हो."

"मग पहारेकरी ठेव."

"कुठून आणू?"

"हा काय समोर उभाय." काका दारात ताठ उभे राहिले. "पण एक ऐक. ज्यानं पहाऱ्यावर उभं केलं, त्यानंच मोकळं केल्याशिवाय शिपाई जागा सोडत नाही. नंतर कुरकुर चालणार नाही."

"मग राहा उभे माझ्या दारात. मी मोकळं करेपर्यंत हलायचं नाही."

काकांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. दोघंही पोट धरून हसली.

मग ते जिना उतरले. त्यांच्या डाव्या बुटाची नाल सैल होती.

टक्... टिक्. टक्... टिक्.

आवाज कोपऱ्यापर्यंत येत राहिला. चेष्टेच्या नादात मोकळं करायचं मात्र राहून गेलं.

पुढे लढाई संपली. रस्त्यात बँड वाजले, लोक नाचले. बाकीच्यांचे नवरे परतायला लागले. काका आले नाहीत. तिकडे बंदोबस्तासाठी काहींना ठेवून घेतलंय, असं कुणी सांगे. कुणी काहीच न सांगता मान हलवी. पत्रं थांबली होती.

एके दिवशी दिवे लागायच्या वेळी मावशी केस विंचरत होती.

जिन्यात आवाज आला...

टक्... टिक्.

ती धावत दाराशी गेली. दार उघडलं.

जिना रिकामा.

फक्त बुटाच्या पॉलिशचा वास.

त्या रात्री ती कित्येक महिन्यांनी गाढ झोपली. आपल्याला भास झाला, पण गोड झाला, असं तिला वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी नर्सबाईंनी तिला जिन्यात गाठलं.

"यजमान आले आणि सांगितलंस नाही?"

"कुठे आलेत?"

"मग काल दारात तो खांब कोण होता? मी साखर मागायला आले, तर वाटच देईना. दोनदा म्हटलं, सरका हो. तिसऱ्यांदा सुई टोचणार होते."

बोलता बोलता त्यांनी मावशीचा चेहरा पाहिला, आणि तिला हाताला धरून वर नेलं.

त्यानंतर दार अडायला लागलं.

आधी फक्त रात्री. कडी काढलेली असायची, तरी दार तसूभर हलायचं नाही. सकाळी मात्र बोट लावलं की उघडायचं. मग ते संध्याकाळपासून अडू लागलं. मग दुपारपासून. मावशी जेवायला वर आली की वरच अडकायची.

खालून लॉन्ड्रीचे मालक ओरडायचे, "बाई, इथे चादरींचे ढीग पडलेत. वर बसून अंडी उबवताय का?"

"दार उघडत नाहीये, मालक."

एकदा ते तणतणत वर आले. खांदा लावून ढकलू लागले.

"आतून दाबून धरू नका."

"मी खिडकीपाशी आहे हो," मावशी खोलीच्या त्या टोकावरून म्हणाली.

बाहेरचं ढकलणं थांबलं. मग मालक जिना उतरून गेले... धीम्या पावलांनी.

मावशीनं नर्सबाईंना पहाऱ्याची चेष्टा सांगितली. बंद दाराच्या अलीकडून, पलीकडे.

"अगं, मग म्हणून टाक ना, मोकळे म्हणून."

"आणि ते तिकडे जिवंत असतील तर? इथला धागा तोडला आणि तिकडे काही तुटलं तर?"

"आणि नसतील तर?"

मावशीनं दारावर तळहात टेकवला.

"मग त्यांचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

नर्सबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

एका रविवारी दुपारी दाराबाहेर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला. पावलांचा आवाज आलाच नव्हता.

"अगं, मी आलोय. उघड."

काकांचाच आवाज. दमलेला, बसलेला, पण त्यांचाच.

मावशीचा हात कडीवर थांबला. "तुमचे बूट वाजले नाहीत."

"सैन्यातून सुटताना रबरी तळव्यांचे दिलेत. बाई, इतक्या लांबून आलोय, बुटांची काय चौकशी करतेस?"

तिनं कडी काढली. दार हललं नाही. काकांनी बाहेरून जोर लावला. तिनं आतून ओढलं.

आणि दोघांच्या मधोमध...

टक्.

टाचा जुळल्या.

"आत कोण आहे?" काकांचा आवाज बदलला.

"कोणी नाही हो."

"मग दार कोणी धरलंय?"

आता मात्र बोलायलाच हवं होतं. तिनं दाराला कपाळ टेकलं. "झालं," ती म्हणाली. "पहारा संपला. मोकळे झालात तुम्ही. जा."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग जिन्यावरून कुणीतरी उतरू लागलं.

ती कान देऊन नालेचा आवाज ऐकायची वाट पाहत होती.

नाल वाजलीच नाही.

मऊ पावलं होती. रबरी तळव्यांची. ती खालपर्यंत गेली आणि रस्त्यावरच्या आवाजात मिसळली.

दार आपोआप उघडलं.

बाहेर ट्रंक होती. ट्रंकेशेजारी काका उभे होते. हसत होते. मावशी त्यांच्या गळ्यात पडून रडली. मग हात धरून त्यांना आत घेऊन आली. त्यांच्या पायांत काहीच नव्हतं, अनवाणी होते.

ते फरशीवरून चालले...

टक्... टिक्. टक्... टिक्.

तेवढ्यात खालून मालकांची हाक आली. "बाई, यजमान आल्या पावली कुठे निघाले? हाक मारली तर वळलेही नाहीत. रडत होते हो."

मावशीनं मागे वळून पाहिलं.

काकांनी कडी घातली होती. कडीला पाठ लावून ते ताठ उभे होते.

पुढे काही संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दिव्याखाली एक माणूस उभा दिसायचा. वर खिडकीकडे बघत. मावशी पडद्याआडून त्याला बघायची. पुन्हा एकदा 'मोकळे' म्हणावं, असं तिच्या ओठांवर यायचं. पण एकच हुकूम दोघांनी ऐकला होता, आणि पाळला भलत्यानंच. पुन्हा म्हटलं तर कोण जाईल, काय सांगावं? मग तो माणूसही दिसेनासा झाला.

नर्सबाई दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेल्या. "माझ्याकडे राहायला ये," असं त्यांनी खूपदा कळवलं. मालकांनी लॉन्ड्री विकली. त्या जिन्याचं नाव काढलं की ते विषय बदलत. काका स्वभावानं गरीब निघाले. मावशीला कधी चढा शब्द बोलले नाहीत. पण तिनं त्या घराबाहेर एक रात्र काढली नाही. माझ्या आईच्या आजारपणातही नाही, माझ्या लग्नातही नाही. बोलावलं की म्हणायची, "दारानं सोडायला हवं ना गं." आम्ही हसायचो.

म्हातारपणी काका दाराशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. "चल आता माझ्याकडे," मी म्हटलं. मावशीनं नुसतं दाराकडे बोट दाखवलं. मी कडी काढून ओढून पाहिलं, हललं नाही. दार सकाळी उघडलं. त्या रात्रीनंतर तिनं मला हे सगळं सांगितलं.

मावशी गेली तेव्हा तिला बाहेर न्यायलाही दार उघडेना. शेवटी सुताराला बोलावलं. त्यानं बाहेरून बिजागऱ्या काढल्या, फळी उचलून भिंतीला टेकवली आणि कपाळ पुसत म्हणाला, "ताई, या गृहस्थांना जरा बाजूला व्हायला सांगा. वाट अडतेय."

जिन्यात कोणीच नव्हतं.

पॉलिशचा वास होता.

मी त्या रिकाम्या चौकटीकडे बघत म्हटलं, "मावशी गेली हो. तुम्हीही मोकळे व्हा आता."

खिडकीखाली, कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी, कुणीतरी चालू लागलं...

मऊ पावलांनी. रबरी तळव्यांच्या.

मग चौघांनी मावशीला उचललं आणि जिना उतरू लागले. मी सर्वांत मागे होते. माझ्या पुढे ते चौघंच होते, चौघंही अनवाणी.

टक्... टिक्.

टक्... टिक्.

सुटली बिचारी, असं सगळे म्हणत होते. मी मात्र ती पावलं ऐकत होते.