झाकण का बसेना?

"दाब! अजून जोर लाव!" खारूताई ओरडली.

"लावतोय! आता माझाच जीव जायचा!" तिचा मावसभाऊ दांडू होडीच्या तळातल्या पेटीवर उड्या मारत होता. झाकण मात्र ढिम्म!

मावशीने स्वतः बांधलेली ही पहिलीच होडी. सकाळच्या चाचणीत ती भलतीच कलली. तपासनीसबाई म्हणाल्या, "बांधणीच चुकलीय. चारला पुन्हा बघते. तेव्हाही कलली, तर परवाना विसरा." तेव्हापासून मावशी गप्प बसून होती. सुट्टीत तिच्याकडे आलेल्या खारूताईला ते बघवेना.

होडी डगमगू नये म्हणून त्या पेटीत दोनशे किलो शिशाच्या लगडी ठेवल्या होत्या, पण सकाळपासून झाकणच बसत नव्हतं. पेटीचं माप मावशीचं.

"आईचं माप चुकलं असेल?" मावशीची धाकटी, शेपटी, घाबरत म्हणाली.

"छट्! मावशीचं माप? शक्यच नाही!" खारूताई उसळली.

गोदीचे कोठीवाले काका वैतागले. "दोनशे किलो मी स्वतः तोलून दिलंय! हे बघा, चुंबकही चिकटत नाही. शिसंच आहे, डोळे मिटून सांगतो!"

"काका, एकदा तपासून बघू या ना!" खारूताई म्हणाली. "शेपटे, बादली आण! काठोकाठ भर!"

दांडूने सात किलोची लगड दोरीने बादलीत सोडली. खालच्या घमेल्यात सांडलेलं पाणी खारूताईने मापात ओतलं. बरोब्बर एक लिटर!

"एक लिटर जागेत शिसं अकरा किलोच्या वर भरतं. हे जेमतेम सात! काका, सात किलोचंच आणखी काय आहे तुमच्या कोठीत?"

काकांचा चेहरा पडला. "जस्त... होडीचं लोखंड गंजू नये म्हणून आणलेलं. गोदीचे साहेब पाहणीला येणार म्हणून मीच सगळ्या लगडींना एकसारखा राखाडी रंग फासला."

"तरीच! वजन तेवढंच, पण जस्ताने जागा जास्त खाल्ली. रास वर चढली, झाकण बसेना आणि होडी कलली!"

मग काय विचारता! एकेक लगड तोलली, बुडवली, निवडली. काकाही घाम गाळत होते. पावणेचारला शेवटची शिशाची लगड आत गेली आणि झाकण खट्टकन बसलं!

चार वाजता बाईंनी सहा माणसं एकाच बाजूला उभी केली. होडी जराशी झुकली आणि सावरली.

"बांधणी चोख आहे. सकाळी मी उगाच बोल लावला," बाई म्हणाल्या. "पण चूक कुणी शोधली?"

"माझ्या पोरांनी!" मावशीचा आवाज सगळ्या गोदीत घुमला. तिने कानामागची पेन्सिल काढून खारूताईच्या कानामागे खोचली.

"पुढच्या होडीची पेटी तू आखायची."

खारूताईची मान ताठ झाली. पेन्सिल पडू नये म्हणूनही असेल, पण खरं तर अभिमानाने!