वळलेला चिरूट कापू नये

दुपारचं जेवण झालं की काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, मांडीवर वर्तमानपत्र पसरत आणि चिरूट कापायला घेत. कात्री मोठी, शिंप्याची. आधी वरचं गुळगुळीत पान सोलून बाजूला ठेवायचं, कारण पाइपमध्ये ते नीट जळत नाही. मग आतली पानं बारीक कापायची, पाण्याचा ओला हात फिरवायचा, तळहातांत चोळायची आणि जरा सुकू द्यायची. पाइप भरताना तळाला सैल, वर थोडी घट्ट. चिरुटाचा तंबाखू तापट असतो, घाईने ओढला तर जीभ सोलतो, असं ते सांगत. सांगायला कोणी नसलं तरी सांगत.

पाइपसाठी बाजारात मिळणारा गोड वासाचा तंबाखू त्यांना चालत नसे. "तो तंबाखू आहे की पावडर-लिपस्टिक?" अख्खा चिरूटही जमत नसे. तो दातांत धरला की वरची कवळी त्याच्याबरोबर बाहेर यायला बघे. म्हणून ही मधली वाट.

हे काका माझ्या नवऱ्याचे थोरले चुलते. घर त्यांचं, खाली रस्त्याला लागून असलेलं चिरुटांचं दुकानही त्यांचं. दुकान त्यांचं होतं, पण हात माझ्या सासऱ्यांचे होते. उभा जन्म बाबांनी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चिरूट वळले. बोलणं कमी. एकदाच मला म्हणाले होते, "वळलेला चिरूट ओढावा, आवडला नाही तर मोडून फेकावा, पण कापू नये. वळणाऱ्याची बोटं असतात त्यात."

आणि काका ते त्यांच्यासमोर कापत.

बाबांची छाती गेली तेव्हासुद्धा. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोलीत धूर नको. काका रोज दुपारी भावाची विचारपूस करायला येत आणि खाटेशी बसून कात्री काढत. बाबा म्हणत, "दादा, इथे नको." काका हसत. "अरे, तुझ्याच हातचा माल. वासाने बरं वाटेल बघ." बाबा भिंतीकडे तोंड करत. त्यांच्या श्वासाला शिट्टी होती, घेताना एक, सोडताना वेगळी. ते गेले त्या दुपारीही खोलीत इतका धूर होता की सासूबाईंना त्यांचे डोळे मिटायला चाचपडावं लागलं.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त खिडकी उघडली.

माझी मुलगी तेव्हा रांगतही नव्हती. आम्ही तिला ठकी म्हणतो. बाबा गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी तिचा श्वास वाजायला लागला. मी तशीही काळजीखोर. ती झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बसणारी. पण हे माझ्या मनाचे खेळ नव्हते. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीला नळी लावली आणि मान वर न करता विचारलं, "घरात कोण ओढतं?"

मी काकांशी बोलले. पदवीपर्यंत शिकले आहे, मुद्देसूद बोलता येतं, असा माझा समज होता.

"काका, निदान गॅलरीत बसून ओढा. तिला त्रास होतो."

"गॅलरीत वारा असतो. तंबाखू भराभर जळतो."

"तिला श्वास घेता येत नाही, काका."

"सूनबाई, या धुरावर या घरातली तीन पोरं वाढली. तुझा नवरा त्यातलाच, चांगला रेड्यासारखा झालाय." मग कात्री उचलत म्हणाले, "ज्याला धूर सोसत नाही त्याने आपलं घर बघावं. दारं उघडीच आहेत."

नवऱ्याला सांगितलं तर तो बुटाची नाडी बांधत राहिला. "जरा दमानं घे. जाणार कुठे आपण?"

मी आमच्या खोलीच्या दाराखाली ओलं फडकं कोंबायला लागले. तरी धूर यायचा. ठकीच्या टाळूला, तिच्या मुठींना, माझ्या दुधालासुद्धा तो वास आहे असं वाटायचं. भांडी घासताना मी मनातल्या मनात काकांना शिव्या घालत असे. अगदी ठेवणीतल्या.

एके दिवशी सासूबाई लाकडी पेटी घेऊन बैठकीत आल्या.

"भाऊजी, हे ह्यांनी खाटेवर बसून वळले होते. तुम्हाला द्या म्हणाले होते."

ते चिरूट वळताना मी बाबांना पाहिलं होतं. शेवटची कड चिकटवायला बाकीचे गोंद लावतात. बाबा पान ओठांशी नेऊन त्यावर वाफ सोडत आणि अंगठ्याने दाबत. आजारात श्वास पुरत नव्हता, तरी एकेका चिरुटावर ते छातीतला सगळा श्वास रिता करत, मग कितीतरी वेळ तोंड उघडं ठेवून नुसते बसत. मला वाटायचं, यांनी आता स्वतःसाठी काही ठेवलंय की नाही.

काकांना भरून आलं. "बघ, शेवटी भाऊ तो भाऊच," म्हणाले आणि पहिला चिरूट कापायला घेतला.

चोळून कागदावर पसरलेला तंबाखू सुकायला ठेवून ते तोंड धुवायला गेले. मी ठकीला खांद्यावर घेऊन तिथून जात होते. कागदावरचा चुरा सुटा राहिला नव्हता. बोटाएवढ्या वळ्या झाल्या होत्या त्याच्या, एकीला लागून एक, नीट.

"हवा दमट आहे," काका परत आल्यावर म्हणाले आणि पुन्हा कापलं.

मी दार लावलं, फडकं कोंबलं आणि वासाची वाट बघत बसले. वास आला नाही.

शेवटी दार जरासं उघडून पाहिलं. पाइप पेटलेला होता. काका ओढत होते, निखारा लाल होत होता, गाल आत जात होते. पण तोंडातून काही बाहेर येत नव्हतं. नाकातूनही नाही. पाइपच्या तोंडावरही धुराचा एक धागा नव्हता. उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत होते, तेवढेच.

ते ओढत होते आणि सगळं आत जात होतं.

"चव लागत नाही याला," काका म्हणाले. "त्याला आजारात मसाला जमला नसेल." तरी त्यांनी तो तळापर्यंत ओढला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. पडद्यांचा वास गेला, उशांचा गेला. ठकीची छाती मोकळी झाली. ती पालथी झाली, खिदळली, रात्रभर झोपली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. काय केलंत?" मी म्हटलं, "काही नाही."

आणि काकांना धाप लागू लागली. जिना चढताना, मग बोलताना, मग बसल्या जागी. एका दुपारी भाकरी भाजताना मी ती शिट्टी ऐकली. घेताना एक, सोडताना वेगळी. माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. सासूबाई शेजारी भाजी चिरत होत्या. त्यांची सुरी थांबली नाही.

"आई, ऐकलंत?"

"हो."

"सांगू या का त्यांना, बंद करा म्हणून?"

"तू सांगितलं होतंस ना एकदा?" त्या म्हणाल्या. "ओढू दे. पेटी संपेपर्यंत ओढू दे."

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. ती शिट्टी ऐकत मी भाकरी पलटली आणि ती टम्म फुगली.

काकांना तपासायला डॉक्टर आले. म्हणाले, छाती गच्च भरल्यासारखी लागते, पण कशाने भरली आहे ते फोटोत दिसत नाही. पाइप तर सोडाच. काकांनी मान हलवली. दुपारी मी पाहिलं तर मांडीवर वर्तमानपत्र होतं. त्यांचे डोळे माझ्यावर होते, हात कात्रीवर.

"नको म्हणतो गं," ते म्हणाले. "हात ऐकत नाही."

पेटीतला शेवटचा चिरूट त्यांनी कापला तेव्हा घरात आम्ही दोघी आणि ठकी होतो.

ते ओढत राहिले. निखारा विझेना.

"खिडकी," काका म्हणाले.

मी ठकीला सासूबाईंकडे दिलं आणि खिडकी सताड उघडली. वारा आला. कॅलेंडरची पानं फडफडली, कागदावरचा चुरा उडाला. काकांच्या कपाळावरचा केससुद्धा हलला नाही.

"उघड ना."

"उघडलीये, काका."

त्यांनी पाइप तोंडातून काढायचा प्रयत्न केला. दोन्ही हातांनी. गाल आत जात राहिले.

सासूबाई पुढे झाल्या. ठकी त्यांच्या कडेवर, डोळे मोठे करून बघत होती. सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्याच हातचा माल आहे. बरं वाटेल."

मग निखारा विझला.

खोलीत कसलाच वास नव्हता.

काका गेले. दुकान नवऱ्याने चालवायला दिलं. घरात आता कोणी ओढत नाही. थंडी पडली तशी मी ठकीला रोज सकाळी गॅलरीत कोवळ्या उन्हात न्यायला लागले. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, चांगली हवा लागू दे.

काल थंडी फारच होती. आम्ही चौघंही गॅलरीत उभे होतो. नवरा काहीतरी विनोद सांगत होता आणि बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. सासूबाई हसल्या, त्यांच्याही. माझीही. ठकी माझ्या कडेवर होती, तिचे गाल लाल झाले होते, छाती संथ वर-खाली होत होती. तिने "आ" करून मोठा श्वास घेतला, मग सोडला, आणि पुन्हा घेतला.

तिच्या तोंडासमोर वाफेचा धागाही नव्हता. हवा स्वच्छ होती.