झाडाची मागची बाजू

दिवा राहू द्या. मला नको आहे, तुम्हालाच पुढे लागेल. आणि मध्येच ‘काका, थापा मारताय’ म्हणायचं नाही. मी थापा मारतो हे जगजाहीर आहे. पण ही माझ्या साडूची गोष्ट आहे, आणि साडूविषयी खोटं बोललो तर तुमची काकू मला चहासुद्धा देणार नाही.

तर साडू शहरातली झाडं मोजायचा. काम दोघांचं. एकानं टेपचं टोक छातीच्या उंचीवर खोडाला धरायचं, दुसऱ्यानं वळसा घालून घेर घ्यायचा. मग लाकडी हातोडीनं खोड चारी बाजूंनी ठोकायचं. ठण्ण वाजलं तर ‘ठणठणीत’, धब्ब वाजलं तर ‘पोकळ’. जोडीदार वयानं बराच लहान. खोडाला कान लावून ऐकायचा म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत.

शाळेच्या रस्त्याला बारा झाडं, मागून उघडं गटार. डॉक्टर पँट दुमडून निघाला, तसा साडू म्हणाला, “कुठं त्या घाणीत उतरतोस? रस्त्याकडूनच ठोक आणि लिही ठणठणीत.”

“दादा, मागून सडलेलं असलं तर?”

“आता तू मला शिकव!”

लिहिलं. बाराच्या बारा ठणठणीत. नवव्या दिवशी त्यातलंच एक कोसळलं. खाली स्कूटरवर डॉक्टर होता, जागीच गेला.

साडूची झोप उडाली. उरलेल्या अकरा झाडांखाली रोज सकाळी पोरं बससाठी उभी राहतात. ती झाडं पुन्हा तपासायलाच हवी होती. दिवसा खोडांना गाड्या चिकटलेल्या असतात, म्हणून तो रात्री गेला. मंगळवार, एकोणीस तारीख, सव्वाअकरा. जोडीला कोण येणार? एकटाच.

पहिलं खोड दोन्ही हातांत मावेना. साडूनं टेपचं टोक मागे भिरकावलं. म्हटलं, पडेल तिथून उचलू.

टेप पडली नाही.

ताणली गेली. हळूहळू वळसा घालून डाव्या हाताशी आली… बरोबर छातीच्या उंचीवर.

साडूनं घेर लिहिला. मग खोडामागून आवाज आला.

धब्ब.

हातोडी तर त्याच्याच पिशवीत होती.

दुसरं झाड. टेप. धब्ब. तिसरं… धब्ब. तो लिहीत गेला. अकराव्यापाशी कसाबसा म्हणाला, “डॉक्टर… माझं चुकलं रे.”

टेप सैल झाली.

सकाळी कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, “कालपर्यंत ठणठणीत, आज अकराही पोकळ? रात्रीतून वाळवी जेवायला आली होती का?”

“साहेब, मागून ठोकलंच नव्हतं. माझी चूक. मला घरी बसवा, पण रस्ता आजच बंद करा.”

“तुमच्या चुकीखाली माझी सही आहे, राव.” साहेबांनी कागद घडी करून त्याच्या खिशात परत खोचला. “पुढची मोजणी पाच वर्षांनी. तेव्हा लिहा काय ते.”

साडू रोज सकाळी त्या रस्त्यावर उभा राहून पोरांना हाकलायचा. आयांनी तक्रार केली, शिपायानं त्याला धरून घरी सोडलं. त्यानंतरच्या सोमवारी कागदावरचं तिसरं झाड पडलं. शाळा भरायच्या वेळी…

किती, ते विचारू नका.

त्याच संध्याकाळी साडू माझ्याकडे आला. कागद पुढे केला. अकरा ओळी त्याच्या अक्षरात, शाईच्या. त्याखाली बारावी, पेन्सिलीची. अक्षर त्याचं नव्हतं. झाडाच्या नावाची जागा कोरी. घेर : शहाण्णव सेंटिमीटर. शेरा : पोकळ.

मी काकूच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढली. साडूनं गुपचूप हात वर केले. मी ती त्याच्या छातीभोवती फिरवली…

शहाण्णव.