बकरीची प्रॉक्सी

"नवरदेव कुठं राहिला?"

बोईसर स्टेशनबाहेर, ऑगस्टच्या रिमझिमीत, मी एका लाल मखमली खुर्चीशेजारी उभी होते. खुर्ची लग्नातली. सोनेरी हात, पाठीवर पिसारा फुलवलेला मोर. लग्नसराई नव्हती म्हणून डेकोरेटरनं ती मला आनंदानं दिली होती, पण एकही रिक्षावाला तिला आत घ्यायला तयार नव्हता. आणि आता मोटरसायकल थांबवून हा निळ्या शर्टातला माणूस माझी चौकशी करत होता.

"नवरदेव नाही, राजा," मी फणकाऱ्यानं म्हणाले. "नववीत आहे. शाळेत वाट बघतोय. दात दुखतोय त्याचा."

तो हसला नाही. हसू दाबायचा त्यानं एवढा प्रयत्न केला, की मलाच हसू आलं. मग मान खाजवत तो म्हणाला, "आमच्या शेजारचा टेम्पो येईल आता. दुधाचा हाय, पण राजाला चालेल."

खुर्ची दुधाच्या कॅनांमध्ये बसून शाळेत पोचली. मागून तोही आला. फाटकातच आमच्या नाटकातली राजवैद्य, म्हणजे नववीतली स्वरा, ओरडली, "मामा! तुला आमच्या बाई कुठं भेटल्या?"

"सिंहासनाजवळ," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. न बघता म्हणजे... जवळजवळ न बघता.

मी दीपा. माहेर कराडचं, बोईसरला एमआयडीसीच्या कडेला असलेल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. मी जरा हट्टी आहे हे आमच्या मुख्याध्यापकांना, कमलाकांत सरांना, पहिल्याच वर्षी कळलं होतं. वर्षाला एक स्नेहसंमेलन आणि त्यात एक नाटुकलं, हे मला पटेना. तीन नाटकं करायची, तीन वेगवेगळ्या महिन्यांत, लोकांना बोलावून! पूर्ण हंगाम! सर म्हणाले, "करा. पण दहावीच्या मुलांना हात लावू नका आणि माइक तोडू नका."

आमची मुलं कुठकुठची. कुणाचे वडील कारखान्यात, कुणाचे वीज केंद्रात, कुणी लातूरचं, कुणी जळगावचं. मनोरकडच्या डोंगरातली काही मुलं वसतिगृहात राहायची. 'राजाचा दात' या नाटकातला आमचा राजा सुका, त्यांतलाच. त्याचा दात दुखायला लागला की शेवटच्या रांगेतल्या आयांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते विनोदी नाटक होतं!

दिवाळीनंतर दुसरं नाटक बसवायला घेतलं. 'एका बकरीची साक्ष'. बकरीचं काम सुकाचं. आणि नेमकी भातकापणी आली. सुका गावी गेला.

नाटकाच्या तालमीत एखादा नट गैरहजर असला, की त्याची वाक्यं दुसऱ्या कुणीतरी म्हणायची असतात. त्याला प्रॉक्सी म्हणतात. त्या संध्याकाळी प्रॉक्सीला कुणी उरलं नव्हतं. दाराशी मात्र शैलेश बसला होता, म्हणजे स्वराचा मामा. त्यांच्या घराकडे, बेटेगावच्या रस्त्यावर अंधार असतो म्हणून तो भाचीला न्यायला यायचा.

"बसल्या बसल्या वाचता का जरा?" मी वही पुढे केली.

"मी? काय वाचू?"

"बकरी."

मुलं फिदीफिदी हसली. तो उठला, वही हातात घेतली, मान खाजवली. "मॅडम, बकरी रागावलीय का लाजलीय?"

"खरं बोलायचंय तिला. पण घाबरतेय."

"मग जमेल," तो हळूच म्हणाला.

आणि काय जमलं! 'चहा घेता का?' एवढं विचारायला ज्याला पाच वेळा आवंढा गिळावा लागे, तो माणूस बकरी होऊन घडाघडा बोलायला लागला. न्यायाधीशही त्या दिवशी आजारी, म्हणून मी न्यायाधीश. मी दरडावून विचारलं, "तू पाटलीणबाईंचा गजरा खाल्लास, हे खरं की खोटं?"

"खाल्ला, साहेब," बकरी म्हणाली. वहीवरची नजर उचलून तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण त्या रोज गजरा घालून माझ्या समोरूनच का जातात?"

हे वाक्य मी लिहिलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या केसांत अबोलीचा गजरा होता. माझे कान तापले, आणि न्यायाधीशाला पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

"बाई, हे ठेवूया ना नाटकात!" मुलांनी गलका केला. ठेवलं. प्रयोगात सुकानं ते म्हटलं तेव्हा सगळा हॉल हसला. मी विंगेत उभी होते, मला हसू आलं नाही. मी प्रेक्षकांत शैलेशला शोधत होते.

मग शैलेश सगळ्यांचीच प्रॉक्सी झाला. म्हातारी झाला, पोस्टमन झाला, एकदा तर झाड झाला आणि झाडाला वाक्यच नव्हतं, तरी उभा राहिला. दुसऱ्याचं वाक्य हाती आलं की त्याची जीभ सुटायची. तालीम संपली की पुन्हा, "येतो मॅडम." बस्स, एवढंच!

"तुम्ही नाटकात का नाही गेलात?" मी एकदा विचारलं.

"केमिकलमध्ये गेलो. तिथं बोलावं लागत नाय."

"आणि बोलायचं असलं तर?"

"मग..." त्यानं मान खाजवली. "मग स्वरा, चल गं, उशीर झाला."

अस्सा राग आला होता मला!

जानेवारीत तिसऱ्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. 'दोन दारांचं घर'. एके दिवशी मी फळ्यावर पुढच्या आठवड्याच्या वेळा लिहीत होते. मागून स्वरा अगदी निरागसपणे म्हणाली, "बाई, मामाची फर्स्ट शिफ्ट असली की तालीम संध्याकाळी. सेकंड असली की शाळेच्या आधी सकाळी. आणि नाइट असली की दुपारी, मामाची झोप झाल्यावर. असं का हो?"

"योगायोग," मी म्हणाले. खडू तुटला.

खरं म्हणजे मलाही ते तेव्हाच कळलं. सगळ्या शाळेचं वेळापत्रक मी एका माणसाच्या ड्यूटीवर लावत होते, आणि माझं मलाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी खोलीवर जाऊन मी आरशात बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं, "दीपाबाई, तुम्ही प्रेमात पडला आहात." बरं वाटलं. भीतीही वाटली, कारण त्या बाजूनं एका बकरीशिवाय कुणीच काही बोललं नव्हतं.

या नाटकाचा प्रयोग केळव्याला, समुद्राकाठी ठरला होता. त्याला तीन दिवस राहिले होते. तालीम संपल्यावर शैलेश फाटकाशी रेंगाळला.

"मॅडम, तिकडं गुजरातेत, अंकलेश्वरला कंपनीचं नवं युनिट होतंय. मला इन्चार्ज करून पाठवतायत. सोमवारी हो-नाय सांगायचं हाय." तो मोटरसायकलचा आरसा उगाच पुसत होता. "काय सांगू?"

"मला विचारताय?"

"दुसऱ्या कुणाला विचारू?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण हा माणूस इतक्या वर्षांनी वर चढणार, आणि मी कोण त्याला अडवणारी? पालकसभेत बोलते तसल्या गोड आवाजात मी म्हणाले, "चांगली संधी आहे. जायला हवं तुम्ही."

"बरं," तो म्हणाला. आरसा अजून पुसतच होता.

ते तीन दिवस मी मुलांवर नुसती खेकसत होते. सुका तर म्हणाला, "बाई, आमचं कायी चुकतंय का?" त्यांचं काही चुकत नव्हतं. माझंच चुकलं होतं, आणि सोमवार जवळ येत होता.

रविवारी केळव्याला, नारळ-सुपारीच्या वाडीत प्रयोग झाला. गावातले लोक होते, सुट्टीला आलेले मुंबईकर होते. सगळी मुलं हजर. शैलेशला काहीच काम नव्हतं. तो एका माडाला टेकून उभा होता, आणि मी नाटक सोडून त्याच्याकडेच बघत होते. टाळ्या पडल्या. मुलं टेम्पो बोलवायला पळाली. वाडीत उरलो आम्ही दोघं आणि नाटकातल्या घराची भिंत... बांबूवर ताणलेलं कापड, मधोमध खरं उघडणारं लाकडी दार.

समुद्रावरून वारा सुटला आणि भिंत झुकायला लागली. अलीकडून मी धरली, पलीकडून त्यानं. आता त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच धीर झाला.

"शैलेश, जाऊ नका."

"कुठं जातोय? धरलीय ना मी."

"अंकलेश्वरला! जाऊ नका. त्या दिवशी मी खोटं बोलले. संधी चांगली आहे, ते खरं. पण तुम्ही जावं असं मला वाटत नाही." आता मी थांबणार नव्हते. "मला तुम्ही इथं हवे आहात. तालमीसाठी नाही. मला. तुम्ही मला आवडता... फार आवडता."

वाऱ्यानं कापड फडफडलं. मी डोळे मिटून घेतले.

कडी वाजली. मधलं दार उघडलं. एका हातानं भिंत आणि दुसऱ्यानं दार सावरत शैलेश उभा होता, आणि मान खाजवायला त्याच्याकडे हात शिल्लक नव्हता.

"मॅडम—"

"दीपा म्हणा."

"दीपा." त्यानं ते नाव जरा जपूनच उच्चारलं. "तिकडं इन्चार्ज होऊन गेलो असतो तर नाइट सुटली असती. इथं राहिलो तर शिफ्ट चालूच राहणार. सणाला पण, कधी ऐन दिवाळीत पण. चालेल?"

"चालेल."

"नीट विचार करून सांगा."

"झालाय करून. नाइटला मी जागी राहीन."

"छे, जागायचं नाय," तो पटकन म्हणाला. "तुमी झोपायचं. सकाळी नाइट सुटली की मी सरळ घरी येईन. तुमी शाळेला निघेपर्यंत एक चहा बरोबर होतो. मी करीन. मला चांगला जमतो."

"हे सगळं कधी ठरवलंत?"

"दिवाळीपासून ठरवतोय," शैलेश म्हणाला. "तुमाला विचारायचं तेवढं राहिलं होतं."