येऊ द्या, येऊ द्या

मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवत. तेवीस वर्षांत त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्याला नावं ठेवली होती. अशा माणसाबरोबर बारा दिवस मोटरहोममधून हिंडणं म्हणजे काय, हे मास्तरीणबाईंना तिसऱ्याच दिवशी पुरतं कळलं.

भाड्याने घेतलेली ती गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. पुढे दोन सीटा, मध्ये घडीचं टेबल, बाजूला शेगडी, तिला लागून कपाटाएवढं बाथरूम आणि मागच्या भिंतीला आडवा पलंग. आधी सहा दिवस समुद्राच्या कडेकडेने जायचं, मग आत वळून मैदानी मुलखातून परतायचं, असा बेत. माणसं चार. मास्तर, मास्तरीणबाई, नऊ वर्षांची ठकी आणि सासूबाई. सासूबाई इंजिन सुरू झालं की झोपत आणि बंद झालं की "आलं का गं?" म्हणून उठत.

गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा होता. मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्याच्या पडद्यावर रुमाल टाकला.

"यंत्राचा काय भरवसा? मागे माणूस उभं पाहिजे. उतर."

म्हणजे उतरायचं कुणी, हे वेगळं सांगायला नको. गाडी मागे घ्यायची झाली की मास्तरीणबाईंनी खाली उतरायचं, मागच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या आणि "येऊ द्या… येऊ द्या…" असा घोष लावायचा. एक जोरदार थाप आणि "बास!" म्हणजे थांबा. दिवसातून चारदा, पाचदा. पेट्रोल पंपावर, दुकानापाशी, आणि मास्तर हटकून चुकत त्या प्रत्येक वळणावर. सहाव्या दिवशी त्यांचा घसा पार बसला होता आणि मन विटलं होतं.

त्याच दुपारी गाडीचा कोपरा एका खांबाला घासला.

"तू वेळेवर बास म्हणाली नाहीस," मास्तर म्हणाले.

"तीनदा म्हणाले! तुम्हाला ऐकू आलं नाही तर मी काय करू?"

"तेवीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही."

"मग पुढची तेवीस वर्षं स्वतःच उतरा. आजपासून मी मागे उभी राहायची नाही. सांगून ठेवते."

मास्तरांनी हे मनावर घेतलं नाही. बायकोचं बोलणं मनावर न घेण्याची त्यांना जुनी सवय होती.

चारच्या सुमाराला समुद्रावरून धुकं चढलं. मुक्कामाची जागा कड्यावरच्या एका मोकळ्या माळावर होती. तिथे त्यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. तोंड रस्त्याकडे ठेवून गाडी मागे लावायची होती. मास्तरांनी रिव्हर्स टाकला आणि नुसतंच "हं" केलं. त्या "हं"ने मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठल्या, बाथरूममध्ये शिरल्या आणि दार धाडकन लावून घेतलं. रुसून बसायला त्या गाडीत तेवढी एकच जागा होती. मास्तरांना दार वाजलेलं ऐकू आलं. बायको उतरली, असं समजून त्यांनी काच खाली केली आणि कान बाहेर लावला.

मागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या.

"येऊ द्या… येऊ द्या…"

गाडी हळूहळू मागे सरकू लागली. बरं झालं, कुणीतरी भेटलं ह्यांना, असं मास्तरीणबाईंच्या मनात आलं. मग त्यांनी नीट ऐकलं. तोच बसलेला घसा. शेवटचा "द्या" ओढण्याची तीच कंटाळलेली तऱ्हा. आवाज त्यांचा स्वतःचा होता.

पहिल्यांदा त्यांना रागच आला. ठकीला नकला करायची खोड होती. त्यांनी दार उघडलं. ठकी टेबलाशी चित्र रंगवत होती. आईला पाहून तिचा हात जागीच थांबला.

"आई… तू तर बाहेर आहेस ना?"

"येऊ द्या…" मागून आवाज आला.

सासूबाई घोरत होत्या. गाडीत सडलेल्या शेवाळाचा ओला वास भरला होता. चाकांखाली करकरणारी खडी थांबली होती. आता नुसतं गवत दबल्याचा आवाज येत होता. मागच्या खिडकीत पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. लाटा इतका वेळ बाजूला ऐकू येत होत्या, त्या आता खालून ऐकू येत होत्या.

"अहो, बास!" त्या ओरडल्या. बसल्या घशातून जेमतेम फुसका आवाज निघाला.

"येऊ द्या… अजून जागा आहे…" बाहेरचा आवाज शांतपणे म्हणाला.

मास्तरांनी बाहेरचं ऐकलं. मागे उभ्या माणसाचंच ऐकायचं, हे ते सगळ्या जगाला शिकवत आले होते. गाडी आणखी हातभर मागे गेली. मास्तरीणबाई टेबलाला धडकत पुढे धावल्या आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. कपाटातली भांडी धडाधड खाली आली.

"अगं, वेड लागलंय का तुला! हँडब्रेकला हात…" मास्तर वळले. शेजारी बायको उभी होती. ते तिच्याकडे पाहत राहिले, मग उघड्या खिडकीकडे.

"येऊ द्या…"

"ती… तू नाहीस?"

"मी इथे उभी आहे ना! पहिला टाका. पहिला गिअर टाका हो!"

तेवीस वर्षांत मास्तरांना पहिल्यांदाच गिअर सापडेना. मास्तरीणबाईंनी त्यांचा हात धरून टाकला. गाडी पुढे निघाली तसं मागचं धुकं क्षणभर फाटलं. गवतात चाकांच्या दोन ओळी कड्याच्या टोकापर्यंत गेल्या होत्या. तिथे माणूस कुणीच नव्हतं.

"आलं का गं?" भांड्यांच्या आवाजाने जाग्या झालेल्या सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून रस्ता आत वळला आणि समुद्र मागे पडला. मास्तरांनी पडद्यावरचा रुमाल काढून खिशात घातला होता. बायकोशी ते इतकं गोड बोलत की तिला धडकी भरे. "तू बस, मी बघतो," असं लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या कानावर पडलं. पण आठव्या दिवशी भर दुपारी, गजबजलेल्या पेट्रोल पंपावर त्यांनी रिव्हर्स टाकला. मास्तरीणबाई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. पडद्यावर मागचा रिकामा रस्ता स्वच्छ दिसत होता.

मागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या.

मास्तरांनी इंजिनच बंद केलं. मग मास्तरीणबाई दार उघडून खाली उतरल्या.

"कुठे चाललीस?"

"मागे. मी नसले की ती जागा रिकामी राहते."

ज्या कामावरून त्या जिवाच्या आकांताने भांडल्या होत्या, ते आता त्यांना कुणी न सांगता करायचं होतं. याचा त्यांना इतका संताप आला की भीतीही जरा मागे हटली. त्या उभ्या राहिल्या की थापा पडत त्या त्यांच्याच हाताच्या. दुसरं कुणी बोलत नसे.

दहाव्या दिवशी ते एका सपाट माळावर थांबले. पीक कापून नेलेलं, नजर पोहोचेल तिथवर झाड नाही, झुडूप नाही. टळटळीत ऊन. मास्तरीणबाईंनी गाडी दोन हात मागे येऊ दिली, थाप मारली, "बास!" म्हटलं आणि कपाळ पुसलं.

"अगं, जरा मागे सरक," मास्तरांचा आवाज आला. नेहमीचाच वैतागलेला, घाईचा सूर. "येऊ दे… अजून जागा आहे."

वीस वर्षांच्या संसाराची सवय. डोकं विचार करायच्या आत पाय मागे पडला. त्याच क्षणी त्यांची नजर गाडीच्या आरशात गेली. मास्तर सीटवर बसले होते, मान वर करून, बाटली तोंडाला लावून घटाघट पाणी पीत.

टाच खाली टेकली. मातीवर नाही, कुणाच्या तरी पायाच्या बोटांवर. ती बोटं गार आणि ओली होती.