ढोल थांबलेलं लग्न

शेकोटीवर ढोल तापवून विज्जा पुंगाटी तो गळ्यात अडकवणार, तेवढ्यात गावची आशाताई जैनी उसेंडी अंगणात आली. आज विज्जाच्या एकुलत्या मुलाचं, केसाचं लग्न होतं. आजवर आसपासच्या प्रत्येक लग्नात वाजवलेल्या माणसाला घरचं लग्न आज कुठे मिळालं होतं, आणि जैनी म्हणत होती, काका, जरा थांबा.

मोहाच्या झाडांवर टांगलेल्या 'कानां'नी काहीतरी ऐकलं होतं. बांबूच्या पेराएवढी ती यंत्रं. पंखांच्या आवाजावरून डासाची जात ओळखायची, आणि आवाज कुठून येतो तेही सांगायची. हिवतापाच्या डासांचा थवा गावातच घुमत होता, पण लग्नाच्या गलक्यात नेमकी जागा लागेना. थवा दिवेलागणीला पाण्याजवळ थोडाच वेळ घुमतो, मग पांगतो.

दोन पावसाळे गावात कुणाला ताप आला नव्हता. ते श्रेय एकट्या यंत्राचं नव्हे. डबकी बुजवली ती माणसांनी, आणि शेतातल्या राखणीच्या माचीवरही मच्छरदाणी बांधली ती माणसांनीच. पण नदीपलीकडून आलेल्या वऱ्हाडात दोघांच्या रक्तात तपासणीत लपलेला ताप निघाला होता. जैनीनं त्यांना गोळ्या दिल्या होत्या, तरी औषध लागू पडायच्या आत त्यांना चावलेला डास पंधरवड्यानं गावभर ताप वाटत फिरला असता.

केसाची थोरली बहीण अशाच तापानं गेली होती, तो डोक्यात चढला होता. त्यानं ढोल खाली ठेवला आणि स्वतःच सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

मग जे झालं त्याला खरंच तोड नाही. अख्खं लग्न गप्प बसलं. आयांनी पोरं छातीशी धरली, कुणी कुत्र्यांपुढे भाताचे गोळे टाकले, मोहाची दारू चढलेले दोघे एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून बसले.

जैनीच्या मोबाइलच्या पडद्यावरचा ठिपका सरकत नवरानवरीच्या नव्या घरामागे थांबला. भिंतींसाठी माती काढलेला खड्डा होता तो. पाहुण्यांची पोरं पडू नयेत म्हणून विज्जानंच त्यावर सागाच्या फांद्या टाकल्या होत्या, आणि खाली हापशीचं पाणी साचलं होतं.

विज्जा ओशाळला. पण कुणी त्याला बोल लावला नाही. जैनीनं फांद्या बाजूला करून थव्यावर फवारा मारला. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं टोपली उचलली, आहेर समजा म्हणाला, आणि प्रत्येकानं माती टाकत खड्डा बुजवला.

विज्जानं पुन्हा ढोल गळ्यात घातला. तेवढ्यात नवरी सोमरी पुढे आली. ताप निघालेल्या दोघांत तिचा धाकटा भाऊ होता, आणि ती त्याचा हात धरून उभी होती.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "हा उद्या परत नदीपलीकडे जाईल. तिथं कान नाहीत. कधी टांगले, तर आमच्या लोकांबरोबर गप्प बसायला, माती टाकायला तुम्ही याल का?"